शोकाची तारीख कुणी ठरवायची? मरे नदीकाठच्या एका सादरीकरणाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, मरे नदीच्या काठी, वसाहतकाळातलं एक मोठं घर आहे. मेंढपाळीच्या पैशावर उभं राहिलेलं, आता नगरपालिकेच्या ताब्यात असलेलं आणि वारसा यादीत नोंदवलेलं. तिथे एका ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, कलावतीनं आपल्या लोकांच्या शोकप्रथेवर आधारलेलं सादरीकरण करायचं ठरवलं. एका प्रादेशिक कला महोत्सवानं त्यासाठी पैसे दिले, जाहिरात झाली, तिकिटं गेली. प्रयोग आठवड्यावर आलेला असताना त्या भागातल्या एका ज्येष्ठ बाईंचं निधन झालं.

पुढे काय करायचं, आणि ते ठरवायचा अधिकार कुणाचा, हा या लेखाचा विषय. मी त्या प्रकल्पात निर्मिती समन्वयक होते. गाव, घर, महोत्सव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. गेलेल्या बाईंविषयी त्यांच्या कुटुंबानं जेवढं सांगू दिलं, तेवढंच इथे आहे.

पार्श्वभूमी: कोपी

कोपी म्हणजे जिप्सम. मरे आणि डार्लिंग नद्यांच्या खोऱ्यात, कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या काठी ते सापडतं. ते भाजायचं, कुटायचं, पाण्यात कालवायचं. मग त्याचा गिलाव्यासारखा घट्ट लगदा होतो. जवळचं माणूस गेलं की बाई आपले केस कापायची, डोक्यावर जाळी चढवायची आणि तिच्यावर कोपीचे थर द्यायची. अशी टोपी 7 किलोपर्यंतही भरायची. गेलेल्या माणसाशी नातं किती जवळचं, त्यावर ती दोन आठवडे ठेवायची की सहा महिने, हे ठरायचं. शोकाचा काळ संपला की टोपी उतरवून थडग्यावर ठेवली जायची.

केस कापण्याचा उल्लेख आला की मराठी वाचकाला केशवपन आठवणार. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं 1890 मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला, तो इतिहास आपल्याला जवळचा आहे. पण ती नजर इथे लावली तर चुकेल. केशवपनानं बाईला जन्मभरासाठी बाजूला सारलं. कोपीला मुदत होती. दुःखाचं वजन सगळ्यांदेखत डोक्यावर घ्यायचं आणि वेळ झाली की सगळ्यांदेखत उतरवायचं, अशी ती रीत होती. प्रकल्पाच्या सुरुवातीला कलावतीनं आम्हा सगळ्यांना बसवून हे समजावलं, आणि पुढे जे घडलं ते या मुदतीच्या कल्पनेशिवाय समजणार नाही.

19 व्या शतकात संग्राहकांनी अशा टोप्या थडग्यांवरून उचलल्या. आज त्या संग्रहालयांच्या कपाटांत आहेत. टोप्याच काय, माणसंही उचलली गेली. याच खोऱ्यातल्या लेक मंगोजवळ 1968 मध्ये एका स्त्रीचे अवशेष मिळाले. तिचं दहन सुमारे 40,000 वर्षांपूर्वी झालं होतं आणि ते जगातलं आजवर माहीत असलेलं सर्वांत जुनं दहन मानलं जातं. तिचे अवशेष तिच्या लोकांकडे परत आले ते 1992 मध्ये. त्याच परिसरात 1974 मध्ये सापडलेल्या पुरुषाला 2017 पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे या भागात एखादी संस्था शोकाबद्दल बोलायला आली की समोरच्यांच्या मनात काय येत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

गेल्या काही वर्षांत ही प्रथा कलेच्या वाटेनं पुन्हा लोकांसमोर आली आहे. मरी क्लार्क या कलावतीचं काम त्यात सर्वांत ठळक. नदीकाठच्या लोकांना सोबत घेऊन त्यांनी कोपीच्या टोप्या नव्यानं घडवल्या. 2021 मध्ये मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात त्यांच्या एकूण कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. आमची कलावती वयानं बरीच लहान, पण तिनं याच प्रवाहात काम सुरू केलं होतं.

जागा

घर देखणं आहे. रुंद व्हरांडा, उंच छताचा दिवाणखाना, मागे नोकरांचं स्वयंपाकघर. थोड्या अंतरावर लोकर कातरायची शेड. त्या शेडमधली फळ्यांची जमीन काळीभोर आणि गुळगुळीत आहे. मेंढ्यांच्या लोकरीतली चरबी पिढ्यान्‌पिढ्या लाकडात जिरली की अशी होते. हात फिरवला तर मेणासारखी लागते. शेडच्या पलीकडे मालकांच्या कुटुंबाचं छोटं कबरस्तान: लोखंडी कुंपण, संगमरवरी शिळा, प्रत्येक नाव वाचता येण्यासारखं. आणि त्याच्याही पलीकडे एक मोकळं कुरण, जिथे काहीच नाही.

त्या कुरणात आपली माणसं पुरलेली आहेत, असं स्थानिक ॲबोरिजिनल कुटुंबं सांगतात. अशा वसाहतींवर ॲबोरिजिनल स्त्रीपुरुष घरकाम करत, गुरं राखत, लोकर कातरत, आणि पुष्कळदा मजुरी म्हणून पीठ, साखर, चहा, तंबाखू घेऊन जात. कलावतीची आजी याच जागेच्या बाजूच्या वस्तीत जन्मली होती. घराच्या दप्तरात मेंढ्यांचा हिशेब आहे, लोकरीच्या गासड्यांचा आहे. त्या वस्तीत कोण कधी वारलं, याची नोंद नाही.

सादरीकरण तीन भागांचं होतं. दुपारपासून शेडमध्ये बसून ती आपल्या डोक्यावर कोपी चढवणार. लोक येऊन पाहतील, हवा तेवढा वेळ बसतील. सूर्यास्ताला व्हरांड्यापासून निघून, काही न बोलता, मालकांच्या कबरस्तानावरून कुरणापर्यंत चालायचं. शेवटी कुरणात टोपी उतरवून जमिनीवर ठेवायची.

पहिली अडचण: लाकूड, दगड आणि गिलावा

ही अडचण लवकर सुटली, म्हणून ती थोडक्यात. कलावतीला आधी दिवाणखाना हवा होता. वारसा वास्तुविशारदानं हरकत घेतली, आणि ती रास्त होती: ओल्या जिप्सममधले सल्फेटचे क्षार सच्छिद्र दगडात शिरले की दगड आतून भुसभुशीत होतो, आणि गेरूचा लाल डाग तर निघतच नाही. ऑस्ट्रेलियात वारसा वास्तूंचं काम बर्रा चार्टर नावाच्या मार्गदर्शक दस्तऐवजाप्रमाणे चालतं. तो 1979 मध्ये स्वीकारला गेला आणि 2013 मध्ये त्याची सध्याची आवृत्ती आली. आवश्यक तेवढाच बदल करा आणि शक्य तितका कमी करा, हे त्याचं सूत्र. पण वास्तूचं सामाजिक आणि आध्यात्मिक मूल्यही जपा, आणि ज्यांचं त्या जागेशी नातं आहे त्यांना निर्णयात सामील करा, हेही त्याच दस्तऐवजात आहे. वास्तुविशारदानं स्वतःहून ती पानं उघडून बैठकीत वाचली, याचं मला आजही मोल वाटतं. काम शेडमध्ये करायचं, जमिनीवर प्लायवूडचा वेगळा थर टाकायचा, लगदा बाहेर कालवायचा, असं ठरलं.

एक धोका कुणाच्या यादीत नव्हता, तो कलावतीनंच सांगितला. जिप्समचा गिलावा घट्ट होताना तापतो. थर जाड असेल तर कातडी भाजू शकते. म्हणून टोपी एका बैठकीत भरायची नाही. पातळ थर द्यायचा, तो निवू द्यायचा, मग पुढचा. त्यामुळे पहिला भाग कित्येक तास चालणार होता. महोत्सवाच्या लोकांना तो कंटाळवाणा होईल अशी भीती वाटली. मला उलट वाटत होतं. हातात पांढरा लगदा, मानेवरून ओघळणारं पाणी, आणि दर थरानंतरचं ते थांबणं, यातच सादरीकरणाचा जीव होता.

दुसरी अडचण: कुरण

कुरणाचं काय करायचं, यावर सर्वांत जास्त चर्चा झाली.

घराची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एकानं विचारलं, तिथे दफनं आहेत याला पुरावा काय? प्रश्न वाईट हेतूनं विचारलेला नव्हता. पण ज्यांच्या मृत्यूंची नोंदच कुणी ठेवली नाही, त्यांच्या नातवंडांकडे नोंद मागणं किती कठोर आहे, हे खोलीतल्या बऱ्याच जणांना कळलं नाही.

समोर तीन वाटा होत्या. एक, जमिनीखालचं पाहणारं रडार लावून तपासणी करायची. त्यात खोदकाम नसतं. दुसरी, कुरण पूर्ण टाळायचं आणि चालणं मालकांच्या कबरस्तानापाशी संपवायचं. तिसरी, कुटुंबांचं म्हणणं आहे तसं मान्य करायचं आणि कुरणात काय करायचं ते त्यांनी सांगायचं.

रडारबद्दल कुटुंबांत एकमत नव्हतं. काही तरुणांना ते हवं होतं. यंत्रानं एकदा दाखवलं की वाद संपेल, असं त्यांना वाटे. काही ज्येष्ठांचं म्हणणं होतं की यंत्राला काही दिसलं नाही तर आमची आठवण खोटी ठरणार का? जुन्या, उथळ दफनांच्या बाबतीत रडार चुकतं, मातीच्या प्रकारावर बरंच अवलंबून असतं. त्यामुळे ही शंका भावनेपोटी आलेली नव्हती. व्हिक्टोरियाच्या 2006 च्या ॲबोरिजिनल हेरिटेज कायद्यानं राज्याच्या बहुतेक भागांसाठी नोंदणीकृत ॲबोरिजिनल संस्था मानलेली असते आणि पूर्वजांच्या अवशेषांबाबत तिचा शब्द महत्त्वाचा असतो. त्या संस्थेनं सल्ला दिला की एका कार्यक्रमाच्या घाईपोटी तपासणी करू नका. ती कधी करायची ते कुटुंबं ठरवतील.

मग ठरलं: प्रेक्षक कुंपणापाशी थांबतील. फाटकातून आत फक्त कलावती आणि कुटुंबातली माणसं जातील. शेवटचा भाग कुणालाही दिसणार नाही.

महोत्सवाच्या विपणन विभागाला हे जड गेलं. शेवटच न दाखवलेला कार्यक्रम विकायचा कसा? त्या बैठकीत एका ज्येष्ठ गृहस्थांनी 26 जानेवारी 1938 ची आठवण काढली. गोऱ्यांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली म्हणून सिडनीत जल्लोष चालू होता, आणि त्याच दिवशी तिथल्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये ॲबोरिजिनल नेत्यांनी शोकदिन पाळला. त्या परिषदेचं निमंत्रण फक्त ॲबोरिजिनल लोकांसाठी होतं, आणि तरीही तिचा आवाज देशभर गेला. सगळं दाखवलं तरच पोहोचतं असं नाही, हे त्यांनी एवढ्यात पटवलं.

छायाचित्रांचा मुद्दा याच सुमारास मिटला. प्रेक्षकांना फोन काढायची मनाई, कलावतीनं निवडलेला एकच छायाचित्रकार, आणि छायाचित्रं कुटुंबांच्या ताब्यात. थेट प्रक्षेपणासाठी एक प्रायोजक मिळत होता, त्याला नकार कळवला.

एक गोष्ट इथेच नोंदवते. या बैठका सुरुवातीला घराच्या दिवाणखान्यात होत असत. चहा, बिस्किटं, भिंतीवर मालकांची तैलचित्रं. ज्येष्ठ बायका यायच्या, पण फारसं बोलायच्या नाहीत. एकदा एक आंटी सहज म्हणाल्या की माझी आई या घरात मागच्या दारानं यायची, या खोलीत तिला बसलेलं कुणी पाहिलं नाही. (ॲबोरिजिनल समाजात ज्येष्ठांना सगळेच आदरानं आंटी आणि अंकल म्हणतात, त्यामुळे आम्हीही.) पुढच्या बैठका नदीकाठी, मोठ्या रेड गम झाडांखाली घेतल्या, आणि कुरणाचा निर्णय तिथे झाला.

निर्णायक क्षण: आठवड्यापूर्वीचं निधन

निधन झालं त्या बाई स्थानिक कुटुंबांपैकी एकातल्या. प्रयोगाच्या सुरुवातीला ‘वेलकम टू कंट्री’ करायला त्यांची धाकटी बहीण येणार होती. हे स्वागत त्या भूमीचे मूळ लोकच करू शकतात. कलावती नदीच्या वरच्या अंगाच्या लोकांतली, त्यामुळे तिला ते करता येत नव्हतं. आणि गेलेल्या आंटींचं छायाचित्र महोत्सवाच्या छापील पुस्तिकेत होतं.

मृत्यूनंतर पाळायच्या गोष्टींना तिथे ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. प्रत्येक समाजात त्याची रीत वेगळी. काही ठिकाणी गेलेल्या माणसाचं नाव बराच काळ उच्चारत नाहीत. मध्य ऑस्ट्रेलियात त्याच नावाच्या जिवंत माणसाला ‘कुमंजाई’ या पर्यायी नावानं हाक मारतात. टीव्हीवर आणि संग्रहालयांच्या दारात मृत व्यक्तींच्या चित्रांबद्दल सूचना असते ती याचसाठी. नातेवाईक शेकडो किलोमीटरवरून येतात, अंत्यविधी काही आठवड्यांनीही होतो, आणि तोवर बाकीची कामं थांबतात. सुतक पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यात समजायला अवघड असं काही नाही. महोत्सव समितीला ते अवघड गेलं.

समितीपुढे चार पर्याय आले.

पहिला, ठरल्याप्रमाणे प्रयोग करायचा आणि तो गेलेल्या आंटींना अर्पण करायचा. दुसरा, त्याच दिवशी शेडमध्ये फक्त छायाचित्रांचं प्रदर्शन आणि कलावतीची मुलाखत ठेवायची. तिसरा, पुढे ढकलायचा, पण नवी तारीख लगेच जाहीर करायची. चौथा, तारीख न देता पुढे ढकलायचा.

पहिल्या पर्यायाच्या बाजूनं जे बोललं गेलं ते ऐकायला सुंदर होतं. हे सादरीकरण शोकाबद्दलच आहे, मग आत्ताच ते सर्वांत अर्थपूर्ण ठरेल. समाजालाही त्यातून सांत्वन मिळेल. बोलणारी माणसं मनापासून बोलत होती. तरी मला तो युक्तिवाद तेव्हाही पूर्ण चुकीचा वाटला आणि आजही वाटतो. कोपी चढवणं म्हणजे मी शोकात आहे असं जाहीर करणं. गावात खरं माणूस गेलेलं असताना, त्या घरातल्या बायका खरा शोक करत असताना, शेजारच्या शेडमध्ये तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर कुणी ती टोपी चढवली तर ती कुणासाठी? त्यांच्या आंटींसाठी म्हणावं, तर ते कुटुंबानं सांगितलेलं नाही. आजीसाठी म्हणावं, तर ताज्या मृत्यूला बाजूला सारल्यासारखं होतं. जी प्रथा नात्यावर उभी आहे ती नातं न विचारता वापरली की तिचा फक्त वेश उरतो.

कलावतीनं स्वतः एवढंच सांगितलं की मी कुटुंबाला विचारून येते. समितीनं तोवर निर्णय घेऊ नये.

ती दोन दिवस कुणाच्या फोनवर नव्हती. त्या दोन दिवसांत समितीवर चहूकडून ताण आला. बसगाड्या ठरलेल्या, ध्वनियंत्रणा भाड्यानं आणलेली, बाहेरगावच्या प्रेक्षकांनी राहायच्या जागा घेतलेल्या. अनुदानाच्या करारात काम त्या आर्थिक वर्षात पूर्ण व्हायला हवं असं कलम होतं. विमा कंपनीनं कळवलं की कलाकार आजारी पडला तर भरपाई मिळते, समाजातल्या मृत्यूमुळे थांबलात तर नाही. एका सदस्यानं सुचवलं की कलावती परत येईपर्यंत दुसरा पर्याय जाहीर करून टाकू, म्हणजे निदान काहीतरी होईल. समितीच्या अध्यक्षांनी ते होऊ दिलं नाही. या प्रकरणात कुणाच्या खंबीरपणाचा उल्लेख करायचा तर तो त्यांचा. आपल्याला उत्तर मिळालेलं नाही, तोवर आपल्याकडे निर्णय नाही, असं त्यांनी लेखी कळवलं.

कलावती परत आली ती निरोप घेऊन. कुटुंबाची हरकत कामाला नव्हती. त्यांना वेळ हवा होता, आणि तो किती, हे त्यांना आत्ता सांगता येणार नव्हतं. पुस्तिकेतलं छायाचित्र मात्र लगेच काढावं.

समितीनं चौथा पर्याय घेतला.

प्रत्यक्ष काय केलं

त्याच संध्याकाळी संकेतस्थळावरून छायाचित्र उतरलं. छापील पुस्तिका गावभर गेलेल्या होत्या. मी आणि एक सहकारी गाडी घेऊन निघालो: पर्यटन माहिती केंद्र, ग्रंथालय, दोन कॅफे, पेट्रोल पंप, बेकरी. बेकरीतल्या बाईंनी कारण विचारलं. सांगितल्यावर त्यांनी काउंटरखालचा न उघडलेला गठ्ठाही काढून दिला आणि घरी नेलेली एक प्रत दुसऱ्या दिवशी आणून देते म्हणाल्या, आणि आणलीही. गोळा झालेल्या प्रतींचं काय करायचं हेही कुटुंबालाच विचारलं. त्यांनी त्या आपल्याकडे मागून घेतल्या.

प्रेक्षकांना जे पत्र गेलं त्यात नाव नव्हतं, कारण होतं: या भागात सॉरी बिझनेस चालू आहे, कुटुंबांच्या इच्छेचा मान राखून कार्यक्रम पुढे ढकलला आहे, नवी तारीख ठरलेली नाही. हवे त्यांना पैसे परत. फार थोड्यांनी परत मागितले, पण ज्यांनी मागितले त्यांच्यावर कुणी नाराज झालं नाही. त्यांचेही खर्च झाले होते.

कलावती आणि तंत्रज्ञांना पूर्ण मानधन दिलं. यावर मतभेद झाले. काम झालं नाही तर पूर्ण पैसे कसे, असा एका सदस्याचा प्रश्न होता. पण अर्धे पैसे देणं म्हणजे शोक पाळल्याबद्दल दंड करणं झालं असतं, आणि अशा दंडाच्या भीतीनं पुढचा कलाकार आपलं दुःख लपवेल. अनुदान देणाऱ्या संस्थेकडे मुदतवाढीचा अर्ज केला. तो मान्य झाला, पण बऱ्याच पत्रव्यवहारानंतर, आणि ‘अपवाद’ म्हणून.

त्यानंतर थांबणं. मधल्या काळात कुणीही कुटुंबाला तारखेबद्दल फोन करायचा नाही, हे ठरवून घेतलं. समितीतल्या काहींना ते निष्काळजीपणाचं वाटत होतं. कलावती मात्र नदीकाठी जात-येत राहिली. अंत्यविधीत स्वयंपाकघरात राबली, ज्येष्ठांना गाडीनं पोहोचवलं. तारीख अखेर कुटुंबाकडून आली, धाकट्या बहिणीच्या तोंडून, पुढच्या वर्षीच्या शरद ऋतूत.

निष्पत्ती

प्रयोग झाला. स्वागत धाकट्या बहिणीनं केलं आणि निलगिरीच्या ओल्या पाल्याचा धूर शेडबाहेर केला, कारण आतल्या जुन्या लाकडाजवळ विस्तव नको होता. महोत्सवाचा मोसम नव्हता, त्यामुळे प्रेक्षक आधीच्या अंदाजापेक्षा कमी, पण जे आले ते थांबले. तासन्‌तास. पहिल्या आखणीत नसलेली एक गोष्ट घडली: दुपारनंतर स्थानिक कुटुंबांतल्या तीन बायका आपण होऊन कलावतीजवळ जाऊन बसल्या आणि लगदा तिच्या डोक्यावर चढवू लागल्या. हे तिनं मागितलं नव्हतं. प्रयोग आधीच्या तारखेला उरकला असता तर हे झालं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

चालताना मालकांच्या कबरस्तानाच्या शिळा डावीकडे राहिल्या. फाटकाशी सगळे थांबले. आत काय झालं ते मला माहीत नाही, आणि इथे लिहायचंही नाही.

नगरपालिकेनं नंतर त्या कुरणात गुरं सोडणं आणि यंत्रानं गवत कापणं थांबवलं, आणि फाटकाची एक किल्ली कुटुंबांना दिली. घराच्या माहितीफलकावरचा मजकूर बदलायचं काम सुरू झालं. त्यात ‘नोकर’ या एका ओळीच्या जागी वस्तीबद्दलचा परिच्छेद आला. रडार तपासणीचा निर्णय मी प्रकल्प सोडला तोवर झालेला नव्हता. देखभाल करणाऱ्या एका जुन्या स्वयंसेवकानं राजीनामा दिला. घराचा इतिहास एकतर्फी होतोय असं त्याचं म्हणणं. त्याच्याशी शेवटपर्यंत नीट बोलणं झालं नाही, आणि ती उणीव राहिली. महोत्सवाला आर्थिक तोटा झाला.

वेगळं काय करता येईल

सर्वांत आधी कराराचं. अशा प्रत्येक करारात सॉरी बिझनेसचं कलम असायला हवं: समाजात मृत्यू झाल्यास काम थांबेल, मानधन थांबणार नाही, नवी तारीख कुटुंबांशी बोलून ठरेल. ते पहिल्या दिवशी लिहिलेलं असतं तर समितीला संकटात बसून तत्त्वावर वाद घालावा लागला नसता. अनुदान देणाऱ्यांनीही आपल्या नियमांत ते घ्यावं. दरवेळी अपवाद म्हणून मागायला लावणं योग्य नाही. अंदाजपत्रकात लांबणीसाठी वेगळी रक्कम धरावी, कारण विमा ती देणार नाही.

दुसरं, क्रम. महोत्सवानं आधी कलावतीची निवड केली, मग स्थानिक कुटुंबांकडे गेला. कलावती एका लोकसमूहातली, भूमी दुसऱ्याची. तिची आजी तिथे जन्मली म्हणून दारं उघडली, एरवी हे अवघड झालं असतं. पहिली भेट भूमीच्या लोकांशी व्हायला हवी, आणि ती कलाकार ठरण्यापूर्वी.

छायाचित्रांबद्दल: ज्येष्ठांची छायाचित्रं छापील साहित्यात वापरायचीच असतील तर ती मागे घेता येतील अशा रीतीनं वापरावीत. प्रती कुठे कुठे ठेवल्या याची यादी हवी. आम्ही ती यादी गाडीत बसून आठवून केली.

बैठकांची जागा पहिल्यापासून कुटुंबांनी निवडावी. दिवाणखान्यात गेलेले महिने जवळजवळ वाया गेले.

आणि ज्येष्ठांच्या वेळेचे पैसे. वास्तुविशारदाला, ध्वनितंत्रज्ञाला, मला, सगळ्यांना तासाप्रमाणे मानधन होतं. कुरणाबद्दल जे काही कळलं ते ज्यांच्या आठवणीतून कळलं, त्यांना सुरुवातीच्या बैठकांसाठी फक्त पेट्रोलचा खर्च मिळाला. पुढे कलावतीनं हट्ट धरल्यावर सल्लागार म्हणून त्यांचं मानधन सुरू झालं, पण मागच्या बैठकांचं दिलं गेलं नाही. मी शेवटच्या अहवालात ती रक्कम देय म्हणून मांडली आहे. समितीनं तिच्यावर अजून निर्णय घेतलेला नाही.